तिसाव्या जागी

पोव्हुआत होड्यांना नावं होती, पण ओळख खुणेनं.
सुरीनं कोरलेली खूण: एक उभी रेघ, वर दोन आडव्या.
धाकट्याला बापाची खूण जशीच्या तशी,
थोरल्यांना एकेक रेघ जास्त.
रेघा मोजा, कळेल
जाळं कुणाचं, वल्हं कुणाचं,
वाळूत वाहून आलेली फळी कुणाच्या होडीची.

माझे वडील, झेफेरीनो, सर्वांत धाकटे.
खूण त्यांना निखळ मिळाली.
आणखी एक गोष्ट मिळाली, तिला रेघ नव्हती.

शेगडीपाशी बसून ते मला
एका आळशी ऑक्टोपसची गोष्ट सांगत होते.
आई आतून म्हणाली, सार्डिन करपतेय बघा.
सार्डिन अजून पाटीतच होती.
करपत होता त्यांचा तळवा,
आणि ते ऑक्टोपसच्या आवाजात हसत होते.

मग कोंबड्यासारखी चाल आली.
पाऊल उंच उचलायचं आणि टाकून द्यायचं.
गल्लीतल्या बायका पाठमोऱ्या व्हायच्या.
गावात आजाराला नाव एवढंच: इवली पावलं.
तान्ह्याचं कौतुक करावं तसं.

पोर्तोच्या इस्पितळात डॉक्टर ग्रासिएतनं
पावतीच्या पाठीवर चित्र काढलं.
यकृतात एक माळ ओवली जाते, एकशे सत्तावीस मण्यांची.
ओवून झाली की कुणी न शिकवता
मुडपते, वळते, अंग अंगाशी घेते,
घडी बसते.
अशा चौघी एकमेकींना धरून रक्तात उतरतात,
पाठीवर अ जीवनसत्त्वाचं गाठोडं.
'चौघींची होडी,' मी म्हटलं. मी अकरा वर्षांची.
'होडीच,' ती म्हणाली. 'पण तुझ्या बाबांच्या माळेत
तिसाव्या जागी मणी दुसरा आहे.'

काना-मात्रेचा फरक.
तेवढ्यानं पकड सुटते.
सुटलेल्या एकटीला आपली घडी आठवत नाही.
ती भलतीच मुडपते,
भलत्याच मुडपलेल्या दुसरीला बिलगते,
दोघींच्या दहा, दहांचा दोर,
दोर नसांत साचत जातो.
सगळ्यांत लांब नस पावलाची. म्हणून आधी पावलं.

आईनं चित्राकडे पाहिलंच नाही. म्हणाली,
जाळं चुकीचं मुडपलं तर पाण्यात उघडत नाही,
हे मला सांगायला डॉक्टर कशाला हवी?

नवं यकृत मिळालं. जुनं फेकलं नाही.
बाकी सगळ्या कामांना ते ठणठणीत होतं.
त्याच दिवशी, शेजारच्या खोलीत
ते एका परक्या माणसाच्या पोटात शिवलं,
ज्याच्यापाशी महिनाभरही उरला नव्हता.
चूक दिली ती सांगून,
घेतली ती सही करून.

वडील जाऊन चार वर्षं झाली असतील.
नोव्हेंबर. आई खिडकीशी भांडी विसळत होती,
आणि ओल्या हातांनीच दाराकडे धावली.
चढावरून ती चाल येत होती.
उंच उचललेलं पाऊल,
टाकून दिलेलं पाऊल.

दारात डोंगराकडचा म्हातारा, बेलार्मीनो,
हातात चेस्टनटची पिशवी.
'नऊ वर्षं मिळाली,' तो म्हणाला,
'बागेत नवी झाडं लावली. आता ही पावलंही आली.
म्हटलं, ज्यांची आहेत त्यांच्या घरी
एकदा जाऊन यावं.'

आता गोळी निघाली आहे, चौघींना एकत्र धरून ठेवणारी.
मी रोज घेते, माझी तिशी उलटल्यापासून.
पण ते नंतरचं.

त्या दिवशी आई काहीच बोलली नाही.
खुर्ची दिली. चेस्टनटना चिरा पाडून
शेगडीवर टाकले,
आणि पायानंच शेगडी
वीतभर मागे सरकवली,
त्याच्या पावलांपासून.